मंडईच्या दिवशी उघडी राहिलेली शाळा

कापगते सरांच्या गौरवग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला दोन गोष्टी बजावल्या. लेख वेळेत द्यावा, ही पहिली. "बाई, जरा गोड लिहा," ही दुसरी. पहिली मी पाळली आहे. दुसरीबद्दल एवढेच सांगते की, गोड लिहिणारे या ग्रंथात पुष्कळ आहेत आणि सर नोकरीत असताना त्यांच्याविरुद्ध वर तक्रारी करणारेही त्यांच्यातच आहेत. तेव्हा गोडाचा भाग त्यांच्याकडे असू द्यावा.

श्री. दामोदर कापगते सरांची आणि माझी ओळख झाली ती खैरबोडीच्या मंडईच्या दिवशी. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील फॅक्टरीत होते, शाळा कॉन्व्हेंटची होती. फॅक्टरीच्या बसने जायचे, नन्सच्या धाकात शिकायचे आणि मधल्या सुट्टीत तोंडून मराठी शब्द निघाला तर बाकावर उभे राहायचे. डी.एड. झाल्यावर नेमणूक आली ती खैरबोडीच्या सरकारी शाळेत. अड्याळपर्यंत बस होती. पुढे एका बैलगाडीत जागा मिळाली. गाडी नव्या लुगड्यांनी आणि दुपट्ट्यांनी गच्च भरलेली होती.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे की, दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई, त्या गावी घरोघर सोयरे येतात. लेकी माहेरी येतात, जावई जेवायला बसतात, चौकात ढोलावर दंडार नाचते, चुलीवर मटणाचे गंज चढतात. आणि याच दिवशी, एवढे नातलग एकत्र आलेच आहेत तर, लग्नाच्या मुलीही पाहून घेतात. आसपासच्या सगळ्या शाळा आपापल्या गावच्या मंडईला सुट्टी देत. ती सुट्टी द्यायची की नाही, हे मुख्याध्यापकांच्या हातात असे. खैरबोडीचे मुख्याध्यापक देत नसत. ती सुट्टी ते जुलैत, रोवणीच्या दिवसांत देत. कारण त्या दिवसांत मुली तशाही भाताच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभ्या असत आणि त्यांची गैरहजेरी लागत असे.

मी पोहोचले तेव्हा कवेलूच्या छपराखाली सातवीचा वर्ग भरला होता. दारात एक बुटके, काळेसावळे गृहस्थ उभे होते. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. म्हणाले, "नवीन बाई का? या जी. मांगं बसा. पाहुणे आहेत."

"पाहुणे? वर्गात?"

"पोरगी पाहाले आले."

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्ग चालू असताना खुद्द फादर आले तरी दारावर टकटक करून थांबत. इथे शेवटच्या बाकावर आंधळगावकडचे तीन पुरुष आणि एक बाई पाय मुडपून बसले होते, आणि फळ्यापाशी कुंदा नावाची सातवीतली मुलगी अन्ननलिकेपासून सुरुवात करून अन्नाचा पोटातला प्रवास सांगत होती. पाहुणे नुकतेच मटण-वडे जेवून आलेले. ते खाल्लेल्या मटणाचे पुढे काय काय होते, हे त्यांना आकृतीसह कळत होते.

पाहुण्यांतले ज्येष्ठ, म्हणजे होणारे सासरे डोमाजी, यांना राहवले नाही. "बाई, लहान आतडं मोठ्यापेक्षा लांब? असं कसं?"

कुंदा म्हणाली, "हो जी. ते रुंदीनं लहान आहे, म्हनून लहान म्हनतात. तुमचं बी तसंच आहे."

वर्ग हसला. डोमाजींची बायको पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त हसली. तास संपल्यावर सर पाहुण्यांपाशी गेले.

"पाहिली पोरगी?"

"पाहिली. पोरगी चांगली आहे. बोलते बी."

"मंग मागता का?"

"मागतो ना. त्याच्यासाठीच आलो."

"मागा. पन शाळा संपल्यावर. ह्या गावची शाळा संपेपर्यंत लगनाचं नाव काढाचं नाही. आहे कबूल? चार सोयऱ्यांत सांगा."

डोमाजींनी हिशेब केला. सातवी शेवटचा वर्ग, परीक्षा उन्हाळ्यात. त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि कुंदाच्या वडिलांसमोर, मामांसमोर, दंडार सोडून आलेल्या अर्ध्या गावासमोर शब्द दिला.

मला संताप आला होता. तेरा वर्षांची मुलगी, आणि मुख्याध्यापक तिच्या लग्नाची बोलणी करतात! संध्याकाळी मी त्यांना तसे सांगितले. कायदा आहे, पोलीस आहेत, असेही म्हणाले. त्यांनी खर्रा थुंकला आणि शांतपणे उत्तर दिले. "पोलीस एक लगन थांबवतीन बाई. दुसरं दूरच्या गावात जाऊन लावतीन हे लोक. मले त्याइचं तोंड पाह्यजे होतं. सोयऱ्यांत दिलेला शब्द इथं कोनी फिरवत नाही."

"आणि उन्हाळ्यात शाळा संपली की?"

"पाहू ना," ते म्हणाले.

त्या 'पाहू ना'मध्ये काय होते ते जूनमध्ये कळले. सर हिवाळाभर सायकलने अड्याळ आणि पुढे बसने भंडारा अशा फेऱ्या मारत होते. शाळा उघडली तेव्हा आठवीची मान्यता आली होती. डोमाजी लग्नाची तिथी काढायला आले, तर कुंदा नव्या वर्गात बसलेली.

"गुरुजी, सातवी झाली ना?"

"झाली जी."

"मंग?"

"शाळा कुठं संपली? आठवी लागली."

पुढच्या वर्षी नववी लागली. त्याच्या पुढच्या वर्षी दहावी. डोमाजी दर जूनमध्ये यायचे, ओट्यावर बसून पाणी प्यायचे आणि चिडायचे. एकदा ते जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. "गुरुजी, तुमची शाळा हाये का पाटाचं पानी? जवा पाहा तवा पुढंच चाललं! संपत काहून नाही?" सरांनी त्यांना चहा पाजला. शब्द मात्र डोमाजींनी फिरवला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. उलट एक नवीच अडचण उभी राहिली. मुलगी दहावीत गेली आणि मुलगा सातवी नापास. लोक हसतील म्हणून डोमाजींनी त्या धट्ट्याकट्ट्या मुलाला नांगरावरून काढून पुन्हा शाळेत बसवले. दहावीच्या परीक्षेनंतरच्या मंडईत ते सरांच्या हाताला धरून म्हणाले, "आता नोका वाढवू जी. माहा पोरगा म्हातारा होऊन राहिला." कुंदाला अठरा पूर्ण झाल्यावर लग्न झाले. सासरी राहून तिने नर्सिंगचे प्रशिक्षण घेतले, आणि डोमाजी गावभर सांगत फिरले की, सून शिकवायची कल्पना त्यांचीच होती. तिने कितीतरी बाळंतपणे केली, त्यांत त्यांच्या घरची सगळी आली.

मान्यता आली म्हणजे शाळा आली असे काही वरच्या लोकांना वाटते. मान्यता आली, खोल्या आल्या नाहीत. आठवी ग्रामपंचायतीच्या ओसरीत बसली. नववीसाठी जागा नव्हती. तेव्हा तलावाच्या पाळीवरच्या ढिवरटोलीतल्या मच्छीमारांनी जाळी वाळवण्याची आपली शेड देऊ केली. गावातल्या काही बड्या शेतकऱ्यांच्या नाकाला ते झोंबले. एक गृहस्थ, ज्यांचे चिरंजीव आता या ग्रंथाच्या स्वागत समितीत आहेत, शाळेत येऊन म्हणाले, "आमच्या पोरी ढिवरटोलीत शिकाले जातीन का, गुरुजी?"

सर म्हणाले, "तुमी रोज मासोळी आनाले जाता ना जी? तवा टोली दूर वाटत नाही. शिकाले दूर वाटते का?"

ते गृहस्थ निघून गेले. पुढल्या आठवड्यात त्यांची मुलगी शेडमध्ये आली. सर रोज मधल्या सुट्टीत आपला डबा घेऊन तिथे जायचे आणि ज्याच्या घरून जे येईल ते सगळ्यांबरोबर जेवायचे. त्यावर त्यांनी भाषण कधी केले नाही. मी दोन वर्षे त्या शेडमध्ये इंग्रजी शिकवले. माझ्या साड्यांना झिंग्यांचा वास लागायचा आणि आई सुटीत कपडे वेगळे भिजवायची. पण त्या शेडमध्ये कोण कुणाच्या शेजारी बसायचे हे कोणीही ठरवत नव्हते, आणि हे मी माझ्या कॉन्व्हेंटबद्दल म्हणू शकत नाही.

सर सर्वज्ञ होते असा समज या ग्रंथामुळे पसरू नये म्हणून एक प्रसंग सांगते. दहावी सुरू झाली तेव्हा गावाने श्रमदानातून काहीतरी बांधायचे ठरवले. सरांच्या मनात मंडईच्या वर्गासाठी ओटा होता, म्हणजे पाहुण्यांना बसायला सोय होईल. मी बैठकीत उभी राहिले आणि विचारले, "आठवीपुढच्या मुली महिन्यातून काही दिवस शाळेत का येत नाहीत, हे मुख्याध्यापकांना माहीत आहे का?" सर म्हणाले, घरी काम असेल. मी म्हणाले, "काम नाही. शाळेत संडास नाही." बैठकीत एकही स्त्री नव्हती. पुरुष छपराकडे पाहू लागले. सर लालबुंद झाले, मग उठून म्हणाले, "बाई बरोबर बोलल्या. हे मले सुचाले पाह्यजे होतं. सुचलं नाही. ओटा नाही, संडास बांधू." संडास बांधला आणि त्याची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली. पुढे कुठल्याही पाहुण्यापुढे शाळेची माहिती देताना ते आवर्जून सांगत की, मुलींची हजेरी बाईंमुळे वाढली. पुरुष मुख्याध्यापक मी पुष्कळ पाहिले. चूक चारचौघांत कबूल करणारे फार नव्हते. आणि श्रेय नावानिशी दुसऱ्याला देणारे? मला तरी दुसरे आठवत नाहीत.

त्यांच्या मायेचाही एक प्रसंग लिहायला हवा, नाहीतर हा लेख वादविवादाचाच होईल. माझी आई जवाहरनगरला एकटी होती आणि एका पावसाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. निरोप दुपारी आला. बस बंद होती, नाल्याला पूर. सरांनी आपली लुना काढली, मला मागे बसवले आणि वरच्या बाजूने फेरा घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोहोचवले. तिथून निघताना एवढेच म्हणाले, "शाळेची काळजी नका करू. तुमचे तास मी घेतो." मी पंधरवडाभर आईपाशी राहिले. तेवढे दिवस त्यांनी माझे सगळे तास खरेच घेतले. इंग्रजीचेसुद्धा. परत आल्यावर पाहते तो दहावीचा अख्खा वर्ग आत्मविश्वासाने 'वुई इज गोइंग' म्हणत होता. ते 'इज' काढायला मला दिवाळी उजाडली. सरांना सांगितले तर म्हणाले, "पन बोलत होते ना? अगोदर तर बोलतच नव्हते."  दर महिन्याला सुशीलावहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, आईसाठी नव्या तांदळाच्या पोह्यांची पिशवी पाठवत. आई गेली त्या वर्षापर्यंत पिशवी येत राहिली.

सरांच्या निवृत्तीच्या आधी शाळेत अकरावी-बारावी आली, तीही विज्ञानाची. त्यासाठी केलेल्या फेऱ्यांतल्या एका फेरीत मी सोबत होते. एका साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "तुमच्या एवढ्याशा गावाला अकरावीची काय गरज?" सर म्हणाले, "मुलींच्या लग्नासाठी पाह्यजे, साहेब." साहेबांना ते कळले नाही. मी समजावून सांगितले, माझ्या पद्धतीने, जरा मोठ्याने. शेजारच्या टेबलावरच्या एका महिला लिपिकाने मध्येच विचारले, "आमच्या गावात अशी शाळा करता येईल का?" मान्यता मिळायला पुढे पुष्कळ दिवस गेले, पण मला वाटते ती मिळाली त्या बाईंच्या प्रश्नात.

एव्हाना पक्क्या इमारती झाल्या होत्या, प्रयोगशाळा झाली होती, आजूबाजूच्या टोल्यांवरून सायकलींची रांग लागत होती. मंडईचा वर्ग दरवर्षी भरत होता. मुलगी पाहायला आलेल्यांनी वर्गात बसायचे आणि शाळा संपेपर्यंत थांबायचा शब्द सोयऱ्यांत द्यायचा, ही गावची रीतच झाली. आता अठराच्या आत लग्न करायला कोणी उघडपणे धजत नाही. पण साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरकून ठेवायला कायदा कोण विचारतो? आणि एकदा साक्षगंध झाले की मुलीचे दप्तर फळीवर जाते. म्हणून बारावीपर्यंतचा हा शब्द अजूनही लागतो.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते.

गेली काही वर्षे आमच्या शाळेतली मुले कमी होत आहेत. सकाळी पिवळ्या व्हॅन येतात आणि टाय बांधलेल्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घेऊन जातात. नन्सच्या हाताखाली शिकल्यामुळे त्या व्हॅनवर रंगवलेल्या इंग्रजीबद्दल बोलायचा मला हक्क आहे, आणि माझे मत आहे की सरांचे 'वुई इज' त्यापेक्षा बरे. पटसंख्या घटली, म्हणून भौतिकशास्त्राचे शिक्षक अतिरिक्त ठरवून दुसरीकडे पाठवले. शिक्षक गेले, म्हणून मुले आणखी घटली. मग मुले नाहीत, सबब अकरावी-बारावी बंद करून जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकावी, असा विचार वर सुरू झाला. आधी पाय बांधायचे आणि मग चालता येत नाही म्हणून नापास करायचे, असा हा कारभार आहे. आणि ज्यांच्या सहीने हे होऊ शकते तेच लोक पंचाहत्तरीच्या सत्कारात सरांना शाल द्यायला व्यासपीठावर येणार आहेत!

या सगळ्याचा घाव बसणार होता तो रोशनी नान्हे हिच्यावर. रोशनी अकरावी विज्ञानात आहे. तिचे वडील प्रकाश तलावात मासेमारी करतात. नववीला ते त्यांच्याच शेडमध्ये माझे विद्यार्थी होते. रोशनीला औषधनिर्माणशास्त्राला जायचे आहे. मोठ्या शाळेपर्यंत पावसाळ्यात बस धड जात नाही, आणि तिला रोज तिकडे पाठवण्याची घरच्यांची तयारी नाही. बारावी बंद होणार ही कुणकुण गावात लागताच तिची आजी म्हणाली, "शाळाच संपली तर पोरगी घरी बसून काय करन? स्थळ येऊन राहिलं, चांगलं आहे." आजीचे म्हणणे गावच्या रीतीला धरूनच होते. जी रीत मुलींना पुढे नेत होती, तीच आता मागे आणणार होती. शाळा दहावीला संपली की शब्दही दहावीलाच संपणार.

सरांच्या अमृतमहोत्सवाच्या समितीचे लोक त्यांच्याकडे गेले तेव्हा मी तिथे होते. शाल, श्रीफळ, मिरवणूक, सगळे सांगून झाले. सर म्हणाले, "शाल नको. मले तास द्या."

"कायचा तास, सर?"

"शिकवाचा. जे जे ह्या शाळेतून शिकून गेले, त्याइनं आठवड्यातून एक तास अकरावी-बारावीले येऊन शिकवाचं. हीच भेट."

समितीला वाटले म्हातारपणाचा लहरीपणा. पण सरांनी फोन लावायला सुरुवात केली. ते विद्यार्थ्याला 'कसा आहेस' विचारत नाहीत. 'गुरुवारी मोकळा आहेस का' असे विचारतात. जवाहरनगरच्या फॅक्टरीत केमिस्ट असलेला आमचा एक विद्यार्थी रविवारी रसायनशास्त्र घ्यायला येऊ लागला. अड्याळच्या औषध दुकानातली एक मुलगी जीवशास्त्र घेते. पवनीच्या शाळेत शिकवणारी एक माजी विद्यार्थिनी आपल्या शाळेची वेळ होण्यापूर्वी सकाळी सातला भौतिकशास्त्र शिकवून जाते. इंग्रजी माझ्याकडे आले, मला न विचारता. मग सर म्हणाले, आता मुले आणू. त्या उन्हाळ्यात एका ऑटोत बसून आम्ही दोघे टोल्याटोल्यांतून दहावी झालेल्या मुलींच्या घरी गेलो. माझी कंबर, त्यांचे गुडघे आणि त्या ऑटोचे स्प्रिंग यांपैकी काहीच धड नव्हते. दर घरी चहा होता, आणि दर घरी एकच प्रश्न होता: "शाळा राहीन का जी?" सर सांगत, "पोरगी पाठवा, राहीन." मुली आल्या. वर्ग भरलेला दिसू लागला. पण वरचा निर्णय काही होईना.

यंदाच्या मंडईला वर्ग नेहमीप्रमाणे भरला. रोशनी फळ्यापाशी होती, आम्ल आणि अल्क समजावत होती. शेवटच्या बाकावर साकोलीकडून आलेले पाहुणे होते. मुलगा नोकरीवाला, माणसे भली. तास संपला आणि मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारले, "कवापर्यंत थांबाचं?"

प्रकाश उठून उभे राहिले. ते पाहुण्यांकडे न पाहता सरांकडे पाहत होते.

"गुरुजी, मी तुमचाच पोट्टा. मले खरं सांगा. शाळा राहाते का संपते? मी कायच्या भरवशावर पाहुण्याइले थांबा म्हनू?"

आजवर या प्रश्नाला सरांचे उत्तर ठरलेले असे. पुढचा वर्ग एकतर आलेला असे, नाहीतर यायच्या वाटेवर असे. या वेळी त्यांच्या हातात काहीच नव्हते. थापही मारता आली असती. गावाने मानली असती. वर्ग गच्च भरला होता, खिडक्यांत बाया होत्या, बाहेर दंडारीचा ढोल थांबला होता.  

सर म्हणाले, "मले माहीत नाही, प्रकाश. वरून काही आलं नाही. बंद करतीन बी. पन उद्या सकाळी सातले फिजिक्सचा तास आहे. परवा इंग्रजीचा आहे. रविवारी केमिस्ट्री. एवढं मले माहीत आहे."

 आजी कोपऱ्यातून म्हणाली, "अरे, पन वरून बंद केलं तर?"

"तरी मास्तर तर येतीन ना, माय? हे काय वरून आले का? हे तर आपलेच हायेत." एवढे बोलून प्रकाश पाहुण्यांकडे वळले आणि हात जोडले. "ऐकलं ना जी? उद्या तास आहे पोरीचा. बारावी होऊ द्या. मंग ती पुढं शिकाचं म्हनन, तवा तिलेच विचारू. थांबता येत असन तर थांबा, नाहीतर राग नाही."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. मुलाची आई रोशनीला म्हणाली, "बाई, ते लिटमस का काय म्हनलं, ते पुन्हा एकदा निळं करून दाखव." रोशनीने दाखवले. त्यांनी थांबायचा शब्द दिला की नाही, हे मी सांगणार नाही, कारण ते आता महत्त्वाचे राहिलेले नाही. महत्त्वाचे हे की, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रोशनी वर्गात होती. तिच्यासोबत खैरबोडीच्या ज्या दोन मुलींची दप्तरे घरी फळीवर गेली होती, त्याही होत्या.

हा लेख छापायला जाईपर्यंत वरून एवढेच कळले आहे की, वर्गातली उपस्थिती पाहून पुढच्या वर्षासाठी बारावी चालू ठेवण्याचा 'सकारात्मक विचार' होईल. सरकारी भाषेत मला नन्सच्या इंग्रजीपेक्षा कमी गती आहे, पण एवढे कळते की, मंडईच्या आधी हे दोन शब्द कोणी वापरत नव्हते. तो विचार पूर्ण होण्याची वाट पाहत बसायची आमची तयारी नाही. जूनमध्ये बारावीचे तास सुरू होतील. कोणता तास कोणी घ्यायचा ते ठरलेले आहे. गणित सरांकडे आहे.

समितीला शेवटी सरांनी परवानगी दिली ती एका अटीवर: सत्कार सकाळचा तास संपल्यानंतर व्हावा. व्यासपीठावर येणाऱ्या मान्यवरांना माझी विनंती आहे की, त्यांनी थोडे लवकर यावे आणि मागच्या बाकावर बसून तो तास ऐकावा. शाल नंतर द्यावी.

सर, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो असे या ग्रंथात पानोपानी लिहिलेले असेल. मी जरा नेमके मागते. जूनमध्ये कलनाचा, म्हणजे कॅल्क्युलसचा, पहिला धडा घेताना तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढी छाती शाबूत राहो, फळ्यापाशी तासभर उभे राहता येईल एवढे गुडघे राहोत, रोशनीच्या वहीतले उणे चिन्ह दिसेल एवढी नजर राहो. परवा तुम्ही मला विचारलेत, "बाई, गावात फार्मसीचं कॉलेज काढाले काय काय लागते?" मी तुम्हाला वयाची आठवण करून दिली, आणि तुम्ही म्हणालात, "पाहू ना." तेव्हा सर, त्या 'पाहू ना'ला जेवढी वर्षे लागतील तेवढी सगळीच्या सगळी तुम्हाला मिळोत, आणि ती ठणठणीत जावोत. रोशनी वाट पाहते आहे.